रंगपट्टी पाचावर का बांधलीस?

तुझं तिसरं प्रकरण वाचलं. आकृती चारपर्यंत मी गप्प होते. आकृती पाचमध्ये पावसाच्या थेंबाच्या बरोबर मध्यभागी लालभडक वर्तुळ दिसलं आणि खाली तुझी ओळ : 'थेंबाच्या केंद्रात विद्युतक्षेत्र तीव्रतेने एकवटलेले आढळते. हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष आहे.' निष्कर्ष? अरे, तो तुझ्या संगणकाच्या सोळाव्या दशांशाचा गाळ आहे. त्याला तू लाल रंग दिलास, चौकट केलीस आणि वर 'महत्त्वाचा' म्हणून शिक्का मारलास.

चूक झाली म्हणून मी रागावलेले नाही. रागाचं कारण वेगळं आहे. प्रकरणासोबत प्रोग्रॅमही जोडला होतास आणि त्याचं आउटपुटही. त्यात क्षेत्राचं कमाल मूल्य छापून आलंय. आत येणाऱ्या तरंगाची तीव्रता तू एक धरलीस आणि थेंबाच्या आत ती निघाली दहाचा घात त्रेचाळीस. हे तू पाहिलंस. पाहिलं नसतंस तर पुढच्याच ओळीत रंगपट्टीची कमाल मर्यादा पाचवर बांधली नसतीस. पाचच्या वरचं सगळं एकाच लाल रंगात बुडालं आणि चित्र देखणं झालं. हा आकडा अशक्य आहे हे कळण्यापुरतं भौतिकशास्त्र तुला येतं, ते मीच शिकवलंय. तरीही तू त्यावर रंग फासलास. याला माझ्या भाषेत लबाडी म्हणतात. तू 'सादरीकरण' म्हण हवं तर.

आता नीट बस आणि ऐक.

तुझा प्रश्न मुळात चांगला आहे, म्हणूनच जास्त लागतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं, आयआयटीएमचं, मांढरदेवीच्या डोंगरावर एक्स-बँड रडार आहे. त्याची तरंगलांबी तीन सेंटिमीटरच्या आसपास. असा तरंग पावसाच्या थेंबावर आदळला की किती ऊर्जा मागे फिरते, यावरून पाऊस किती हे ठरवायचं. थेंब तरंगलांबीच्या मानाने बारीक असला तर रॅलेचा नियम पुरतो : व्यास दुप्पट, तर परत येणारी ऊर्जा चौसष्ट पट. पण सहा मिलिमीटरच्या थेंबाला तो पुरत नाही. थेंबाचा परीघ भागिले तरंगलांबी केलं तर ०.५९ येतं आणि तुला वाटतं, एकापेक्षा कमीच तर आहे. परंतु या वारंवारतेला पाण्याचा अपवर्तनांक आठाच्या घरात असतो. म्हणजे थेंबाच्या आत तोच आकडा पावणेपाचच्या आसपास जातो. बाहेरून लहान दिसणारा थेंब आतल्या तरंगाला लहान नाही. इथपर्यंतचं तू लिहिलंयस आणि बरोबर लिहिलंयस.

यावरचा उपाय जुना आहे. १८९० मध्ये लुडविग लोरेंझने आणि १९०८ मध्ये गुस्ताव मीने तो दिला. येणाऱ्या सपाट तरंगाचे गोलाला साजेसे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याचा कोनावर अवलंबून असलेला भाग म्हणजे स्फेरिकल हार्मोनिक, आणि अंतरावर अवलंबून असलेला भाग म्हणजे गोलीय बेसेल फलन. मग थेंबाच्या पृष्ठभागावर आतलं आणि बाहेरचं क्षेत्र जुळवून प्रत्येक तुकड्याचा गुणक काढायचा. मीला सोन्याच्या कोलॉइडचे रंग समजून घ्यायचे होते. त्याच्याकडे संगणक नव्हता, म्हणून मोजकीच पदं घेऊन हाताने हिशेब केला आणि प्रत्येक पदाकडे डोळे उघडे ठेवून पाहिलं. तुझ्याकडे संगणक आहे, म्हणून तू चाळीस पदं घेतलीस आणि एकाकडेही पाहिलं नाहीस.

आता केंद्राकडे बघ. ज्या ठिकाणी तुझं लाल वर्तुळ आहे, तिथे अंतर शून्य. अंतर शून्य असताना पहिल्या क्रमाचं विद्युत पद सोडलं तर बाकी प्रत्येक पद शून्य होतं. दुसरं, तिसरं, चाळिसावं, सगळी शून्य. यासाठी प्रोग्रॅम लागत नाही, पाठ्यपुस्तकाचं एक पान लागतं. म्हणजे केंद्रावरचं क्षेत्र एका पदाने, एका ओळीत, कागदावर निघतं. तो आकडा काढून प्रोग्रॅमच्या आकड्याशेजारी ठेवलास का? नाही. चाळीस पदांची बेरीज केलीस, जिथे एकोणचाळीस पदांनी गप्प बसायला हवं होतं तिथे ती आरडाओरडा करत होती, आणि तू त्या आरडाओरड्याला शोध म्हणालास.

ती का ओरडली हे तुला माहीत नाही, असं मी धरून चालते. कारण माहीत असून तू हे केलं असशील तर मग बोलण्यासारखं काही उरतच नाही. गुणक तू तयार प्रोग्रॅममधून घेतलेस, ते ठीक होते. मात्र आतल्या क्षेत्रासाठी बेसेल फलनं स्वतः काढलीस. शून्यावं आणि पहिलं सूत्राने, आणि पुढची खालून वर चढत : मागची दोन माहीत असली की पुढचं मिळतं. सूत्र बरोबर आहे, त्यात खोट काढता येणार नाही. खोट चालण्याच्या दिशेत आहे.

प्रोग्रॅम बंद कर आणि कागद घे. फलनात घालायचा आकडा क्ष = १ घे, म्हणजे सूत्र अगदी सोपं होतं : मागच्याला ३, ५, ७, ९ अशा विषम संख्येने गुणायचं आणि त्यातून त्याच्या मागचं वजा करायचं. दहा दशांश स्थळं ठेव, खिशातल्या कॅल्क्युलेटरवर तेवढी येतातच. शून्यावं ०.८४१४७०९८४८. पहिलं ०.३०११६८६७८९. दुसरं ०.०६२०३५०५१९. तिसरं ०.००९००६५८०६. चौथं ०.००१०११०१२३. पाचवं ०.००००९२५३०१, इथेच चौथा सार्थ अंक बिघडला आहे. सहावं ०.०००००६८१८८, आणि खरं उत्तर ०.०००००७१५६९. सातवं? उणे ०.०००००३८८५७. उणे! क्ष = १ असताना यातलं एकही फलन ऋण असू शकत नाही. आठवं उणे ०.००००६५१०४३, तर खरं उत्तर अधिक ०.०००००००२८३. चिन्ह उलटं आणि आकार दोन हजार पटींहून मोठा. एकाही पायरीला तू गुणाकार चुकलेला नाहीस. तरी आठव्या पायरीला हातात काय आलं बघ.

कारण साधं आहे. या सूत्राची दोन उत्तरं असतात. एक आपल्याला हवं असलेलं, जे पायरीगणिक झपाट्याने आक्रसतं. दुसरं त्याचा भाऊ, जो पायरीगणिक झपाट्याने वाढतो. दहाव्या दशांशावर जे कापलं, त्यात त्या भावाचा एक कण शिरला. वर चढताना तू त्यालाच पोसत गेलास. शिवाय प्रत्येक वजाबाकी जवळजवळ सारख्या दोन आकड्यांची. मोलगीच्या आमचूराची एक पुडी ट्रकमध्ये टाकायची, महामार्गावरच्या वजनकाट्यावर ट्रक दोनदा चढवायचा आणि फरकातून पुडीचं वजन सांगायचं, असा तो हिशेब. काटा खोटा नसतो, पण तो पुडीसाठी नसतो.

आता तोच कागद उलटा कर आणि वरून खाली ये. अकरावं शून्य धर, दहावं एक धर. हो, चक्क मनाने धर. मग तेच सूत्र उलटं चालव. नववं २१. आठवं ३९८. सातवं ६७४५. सहावं १,००,७७७. पाचवं १३,०३,३५६. असंच उतरत शून्याव्यापर्यंत ये, तिथे ११,८४,८७,७४,०७९ मिळेल. सगळे पूर्णांक, एकही दशांश नाही. पण शून्याव्याचं खरं मूल्य तर आपल्याला ठाऊक आहे, ०.८४१४७०९८४८. त्याला या शेवटच्या पूर्णांकाने भाग आणि जो भागाकार येईल त्याने सगळ्या आकड्यांना गुण. आठवं येतं ०.०००००००२८२६५. सातवं ०.००००००४७९०१३. बरोबर. मनाने धरलेल्या एका आकड्यावरून बरोबर, आणि दहा अंकी अचूक सुरुवातीवरून चूक. खाली उतरताना तो नको असलेला भाऊ आक्रसतो आणि हवा तो वाढतो, म्हणून. ही युक्ती जे. सी. पी. मिलर यांच्या नावाने ओळखली जाते. १९५२ च्या ब्रिटिश असोसिएशनच्या बेसेल कोष्टकांमध्ये ती आहे. म्हणजे तुझ्या आजोबांच्या काळची. सूत्राचा हा स्वभाव गाउची यांनी १९६७ मध्ये एका लेखात इतका नीट मांडला की त्यानंतर कुणाला सबब उरली नाही.

आणि सबबीवरूनच. मागे तू म्हणालास, 'मॅडम, अक्कलकुव्यात असताना सोयी नव्हत्या, पाया कच्चा राहिला.' हे मी एकदा ऐकून घेतलं, पुन्हा ऐकणार नाही. वर केलेला हिशेब कागदावर होतो. वीज गेली तरी होतो. खापरला होतो, मोलगीला होतो, नर्मदेच्या काठी मणिबेलीला बसूनही होतो. पुण्यात वातानुकूलित खोलीत बसून जो तू केला नाहीस, तो न करण्याचा अक्कलकुव्याशी काडीचा संबंध नाही. आपल्या तालुक्याचं नाव अशा कामाला वापरू नकोस.

शिवाय काखेत कळसा आणि गावाला वळसा. आपल्या गावातून जाणारा हमरस्ता अंकलेश्वरला जातो, तिथून अहमदाबाद काही परदेश नाही. त्या अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत के. आर. रामनाथन यांच्यासोबत ओझोनवर काम केलेले जे. व्ही. दवे पुढे आयबीएममध्ये गेले आणि १९६८ मध्ये त्यांनी गोलावरच्या प्रकीर्णनाचे प्रोग्रॅम लिहून दिले. पुढच्याच वर्षी त्यांचा मोठ्या, ऊर्जा शोषणाऱ्या गोलावरचा लेख आला. वर चढणारा हिशेब तिथे कुठे ढासळतो आणि खाली उतरणारा कसा टिकतो, हाच त्याचा गाभा. पाणी रडारच्या तरंगाला शोषून घेतं, म्हणजे तुझा थेंब नेमका त्याच जातीचा. १९८३ च्या बोरेन आणि हफमन यांच्या पुस्तकामागचा प्रोग्रॅम जगभर वापरला जातो, त्यातही आतल्या बाजूचा हिशेब पंधरा पायऱ्या जास्त वर जाऊन तिथून खाली उतरतो. तुझ्या गुणकांचा तयार प्रोग्रॅम हेच करत होता. तो तू उघडून वाचला असतास तर तुझ्याच पुढची पानं वाचली असती. पण आत काय आहे ते बघायचंच नाही, 'चालतंय ना' एवढंच विचारायचं.

मग चाळीस पदं कशाला? तू लिहिलंस, 'सुरक्षिततेसाठी.' हा शब्द वाचून मला हसूही आलं नाही. किती पदं पुरतात याचा नियम विस्कोंब यांनी १९८० मध्ये दिला : लहान गोलांसाठी आकार-गुणोत्तर, म्हणजे तेच परीघ भागिले तरंगलांबी, अधिक त्याच्या घनमुळाची चौपट, अधिक एक. ०.५९ साठी हे पाचाच्या आत येतं. पाच पदं! त्यापुढची पस्तीस सुरक्षितता देत नाहीत, फक्त कचऱ्याला जागा देतात. याचा पुरावा तुझ्याच प्रोग्रॅममध्ये आहे, चाळीसच्या जागी साठ टाक आणि बघ. ते लाल वर्तुळ जवळपास दुपटीने फुगेल. तीस टाक, आक्रसेल. पाच टाक, तुझ्या जाळीवरून गायब होईल. आपण किती पदं घेतो हे पावसाच्या थेंबाला माहीत नसतं. पदसंख्या बदलली की ज्याचा आकार बदलतो, ते थेंबात नाही, हिशेबात आहे. ही चाचणी करायला पाच मिनिटंही लागत नाहीत. निष्कर्ष लिहायला तुला अख्खं पान लागलं.

कोनांच्या भागात तुझं नशीब बरं म्हणून वाचलास. तिथे संलग्न लजांद्र बहुपदी कोणत्याही प्रसामान्यीकरणाशिवाय काढलीस. पाचव्या-दहाव्या क्रमाला चालतं. पण विषम संख्यांचा तो गुणाकार, एक गुणिले तीन गुणिले पाच, वाढत जातो, आणि क्रम १५१ ला पोचला की नेहमीच्या दुहेरी अचूकतेच्या संख्येत तो मावत नाही, 'इन्फिनिटी' छापून येतं. उद्या कुणी तुला प्रकाशाच्या तरंगलांबीचा प्रश्न दिला तर तिथे शेकडो पदं लागतील आणि हा प्रोग्रॅम तिथल्या तिथे मान टाकेल. प्रसामान्यीकरण पहिल्या पायरीपासून सूत्रातच मुरवून घे, शेवटी भागू नकोस.

आणि कोणतं प्रसामान्यीकरण, हेही लिहून ठेव. पान २७ वर एक आहे आणि पान ३४ वर दुसरं, मधे उणे एकच्या घाताचं चिन्ह कुठेतरी गळलंय. भौतिकशास्त्रवाल्यांचं वेगळं, भूगणितवाल्यांचं वेगळं, भूचुंबकत्ववाल्यांचं श्मिटचं वेगळं. मुंबईत ट्रामला वीज आली तेव्हा कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवावी लागली, हे तू वाचलंयस. अशा वेधशाळांची मोजमापं पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या हार्मोनिक विस्तारात जातात, आणि तिथले गुणक श्मिटच्या रीतीने लिहिलेले असतात. ते कुणी सरळ उचलून तुझ्या सूत्रात टाकले तर प्रत्येक पद वेगळ्या पटीने चुकेल आणि प्रोग्रॅम तक्रारही करणार नाही. तपासायला एक सोपी ओळ आहे : एका क्रमाच्या सगळ्या हार्मोनिक्सच्या वर्गांची बेरीज कोणत्याही दिशेला तीच यायला हवी, दुप्पट क्रम अधिक एक, भागिले चार पाय. पाच-सहा दिशा घे, बेरीज कर. जुळलं नाही तर पुढे जाऊ नकोस.

जाळीबद्दल फार बोलत नाही. अक्षांशाच्या दिशेने सारख्या अंतरावर बिंदू मांडून साधी बेरीज घेतलीस आणि मग 'अचूकतेसाठी' बिंदू चारशे केलेस. गाउसचे बिंदू घे. क्रम जेवढा, त्याहून एक बिंदू जास्त घेतलास तरी त्या क्रमापर्यंतच्या हार्मोनिक्सचं विश्लेषण अचूक होतं. चारशेची गरजच नाही.

आता काय करायचं ते लिहून घे. वर दिलेला क्ष = १ चा हिशेब दोन्ही दिशांनी स्वतःच्या हाताने कर आणि कागदाचा फोटो पाठव. टाइप केलेला नको, तुझ्या अक्षरातला हवा. केंद्रावरचं क्षेत्र एका पदाने काढ. थेंबाच्या पृष्ठभागावर आतलं आणि बाहेरचं स्पर्शरेषीय क्षेत्र जुळतं का ते दहा ठिकाणी बघ. कारण ते जुळवूनच गुणक काढलेत, तेव्हा ते न जुळण्याला क्षमा नाही. अपवर्तनांकाचा शोषणाचा भाग शून्य कर आणि एकूण ऱ्हास व प्रकीर्णन सारखं येतं का ते तपास. जी ऊर्जा शोषली गेली नाही ती कुठेतरी जायलाच हवी. थेंब अर्धा मिलिमीटरचा कर, रॅलेचा नियम परत मिळतो का बघ. रंगपट्टीला हात लावायचा नाही. कमाल आणि किमान, प्रोग्रॅमने दिलेली तीच छापायची, दिसायला कितीही वाईट दिसली तरी. मार्गदर्शकांना तू स्वतः जाऊन सांग की आकृती पाच मागे घेतोय आणि का घेतोय. ते रागावतील. रागावू देत.

यातून पार झालास तरच चपट्या थेंबांचं प्रकरण उघड. सहा मिलिमीटरचा थेंब पडताना गोल राहत नाही, बसका होतो, आणि आडव्या व उभ्या ध्रुवणाच्या तरंगांना वेगळा दिसतो. रडारला तो फरकच तर हवा असतो. तिथे मीचं उत्तर नाही चालत, वॉटरमन यांची १९६५ ची टी-मॅट्रिक्स लागते. त्यातही हेच हार्मोनिक्स, हीच बेसेल फलनं. फक्त प्रत्येक पद आता दुसऱ्यात मिसळतं आणि एक मॅट्रिक्स उलटी करावी लागते. थेंब जितका बसका आणि पदं जितकी जास्त, तितकी ती मॅट्रिक्स उलटी करताना अचूक अंक गळत जातात. कधी कधी सोळाच्या सोळा. उलटी करण्याआधी किती अंक उरणार आहेत ते मोज, तो आकडा प्रकरणाच्या पहिल्या पानावर लिही आणि मग मला फोन कर.